झेंड्याची नीळ

गोदामावशी कासारणीचं नाव आधी लिहून ठेवते, बाकीचं मग. माझ्या हाताचा आता भरवसा नाही, चार ओळी झाल्या की कापायला लागतो. मनाचा तर त्याहून नाही. सांगता सांगता भलतीकडे गेले आणि तिचंच नाव राहून गेलं, असं व्हायला नको. तर चिखलीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारी, डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन पंचक्रोशी पालथी घालणारी, पुढचे दोन दात पडलेली गोदामावशी. तिनं मला वाचवलं. कशातून वाचवलं ते तिच्या हयातीत मी चारचौघांत सांगितलं नाही, आणि ती गेल्यावरही नाही. इथे रायपूरला मुलाकडे राहते. सून म्हणते, "आई, तुम्ही लिहा, ऱ्हस्व-दीर्घ मी बघते." म्हणून हा धीर.

मी मोगलाईतली, म्हणजे निजामाच्या मुलखातली. जालन्याच्या पलीकडचं आमचं गाव. मराठी तिसरी झाली आणि पुढची शाळा उर्दूची, तीही चार कोस लांब, म्हणून बापानं पाटी काढून घेतली आणि आईनं पोळपाट दिला. तेराव्या वर्षी लग्न होऊन वऱ्हाडात आले, बैलगाडीनं तीन दिवस. वऱ्हाड म्हणजे इंग्रजाचं राज्य, तिथे निजामाचा शिपाई नाही, एवढाच काय तो आनंद मनाशी धरून आले होते, कारण आमच्याकडे शिपायाची टोपी दिसली की बायका दाराला कडी लावत. पण आल्यावर पहिल्याच सरकारी सणाच्या दिवशी तहसील कचेरीवर पाहते तर इंग्रजाच्या झेंड्याशेजारी निजामाचाही झेंडा! तोच पिवळा, मधे भाकरीसारखा पांढरा गोल. वऱ्हाड कागदोपत्री त्यांचंच म्हणे, इंग्रज नुसते कारभार बघायचे. हे मला पुढे कळलं. तेव्हा मात्र वाटलं, तीन दिवस गाडीत हाडं खिळखिळी करून घेतली आणि मी गाव सोडलंच नाही की काय.

सासर रंगाऱ्याचं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. मामाजींचे हात कोपरापर्यंत निळे. पहिल्या दिवशी त्यांना भाकर वाढताना मी घाबरले, म्हटलं, माणूस आजारी आहे आणि हे लोक काही बोलत नाहीत. पुढे त्या निळ्या बोटांनी ठेचा कालवून खाताना पाहायची इतकी सवय झाली की गोऱ्या हाताचा माणूस जेवताना उघडा वाटायचा. घरामागे अंगणात जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला निळीचा माठ होता. त्यात नीळ, चुना, गूळ आणि शिजवलेलं तरोट्याचं बी. पावसाळ्यात रानोमाळ उगवतो तो तरोटा. त्याचा कोवळा पाला आम्ही लसणाची फोडणी देऊन भाकरीबरोबर खायचो आणि बी माठाला घालायचो. आत्याबाई म्हणायच्या, "पाला आपल्याले, बी त्याले. घरातलं मानूसच हाय तो." आणि खरंच तसं होतं. माठाला थंडी वाजू नये म्हणून गोणपाट पांघरायचं, तो रुसला की गूळ द्यायचा, त्याच्याजवळ भांडायचं नाही. चांगला असला की वर तांब्यासारखी साय धरायची आणि मधे निळ्या फेसाचं फूल यायचं. कापड बुडवून काढलं की आधी पिवळट-हिरवं दिसायचं आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळं होत जायचं. ते मी हजारदा पाहिलं असेल, दर वेळी हातातलं काम राहायचं. वास मात्र विचारू नका. दिवसभर दगडावर ओल्या कापडाची धपाधप आणि तो वास, असे माझे सासरचे पहिले दिवस.

मामाजींना अक्षर येत नव्हतं, पण झेंड्याचा इतिहास त्यांना तोंडपाठ होता, कारण तो त्यांनी रंगवलेला होता. नागपूरला झेंड्याचा सत्याग्रह झाला तेव्हा ते ऐन जवान होते. तेव्हाचा झेंडा वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल, आणि साऱ्यावर पसरलेला भला मोठा चरखा. लाल रंग त्यांनी आल नावाच्या झाडाच्या मुळांचा काढला होता आणि तीन झेंडे पोटाला गुंडाळून एक जण नागपूरला चालत गेला होता. "पोटाले घाम आला न् लाल उतरला," मामाजी सांगायचे. "शिपायानं पकडलं त्याले. सदरा वर केला तं पोट लाल. तो शिपाईच घाबरला, म्हने, याले काऊन मारलं बे कोनी?" मग काही वर्षांनी लाल गेला, केशरी आला आणि वर जाऊन बसला, पांढरा मधे उतरला, हिरवा तळाला गेला, आणि चरखा पांढऱ्याच्या घरात मावेल एवढा झाला. केशरी म्हणजे पळसाची फुलं आणि तुरटी. हिरवा म्हणजे आधी नीळ, मग तिच्यावर हळद. असे कित्येक झेंडे त्या अंगणातून लपत-छपत बाहेर गेले होते.

आणि मग ते वर्ष आलं. शाळेचे मास्तर वर्तमानपत्र घेऊन आले. उंच, वाकलेले, कायम घाईत असलेले. म्हणाले, "रंगारीबुवा, स्वातंत्र्याच्या दिवशी कचेरीवर चढणारा झेंडा तुमच्या हातचा. खादी मी आणली आहे. पण झेंडा बदललाय." मामाजी म्हणाले, "पुन्ना?" मास्तरांनी पेपर माझ्या हातात दिला, कारण आमचे हे तेव्हा शिकायला बाहेरगावी असायचे, आणि त्या घरात, त्या घरातच काय, त्या गल्लीत वाचता येणारी बाई मीच. बोट ठेवून, अडखळत मी वाचलं. रंग तेच, पण चरखा नाही. त्या जागी चाक, सारनाथच्या अशोकाच्या खांबावर आहे तसं, गडद निळं, चोवीस आऱ्यांचं.

आत्याबाईंना ते मुळीच आवडलं नाही. त्या रोज टकळीवर सूत काढायच्या. "चरखा काऊन काढला? त्यानं काय कोनाचं खाल्लं?" मास्तर म्हणाले, "आई, चरखा मागून पाहिला की उलटा दिसतो. चाक दोन्हीकडून सारखंच. आणि चरख्याचंही चाकच ना ते?" "चाक ठेवलं न् सुताची चाती काढली," आत्याबाई म्हणाल्या, "म्हंजे आता नुसतंच फिराचं, सूत नाई काढाचं." मास्तर हसले. मग त्यांनी आम्हाला एकेका रंगाचा अर्थ सांगितला. केशरी त्यागाचा, हिरवा जमिनीचा, चाक धर्माचं आणि चालत राहण्याचं. "आणि पांढरा म्हणजे सत्य. म्हणून चाक सत्याच्या मधोमध." हे ऐकताना मी मान डोलावली होती, ते मला पक्कं आठवतं. आठ दिवसांनी त्याची इतकी लाज वाटणार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

कारण माठ बिघडला. आठवडाभर ऊन नाही, सगळीकडे ओल. एका सकाळी गोणपाट काढलं तर साय नाही, फूल नाही, वास असा की कावळे उडाले. मामाजींनी चिंधी बुडवून काढली, ती राखेसारखी. गूळ दिला, चुना दिला, भोवती शेणाची धुनी केली. काही नाही. पुडीचा निळा रंग आणायला माणूस बुलढाण्याला पाठवला, तो हात हलवत परत आला. साऱ्या मुलखाला एकाच पंधरवड्यात तेच रंग हवे होते. आणि नीळ नाही म्हणजे नुसतं चाक नाही असं नव्हे, हिरवाही नाही. उरतो केशरी आणि पांढरा. मामाजी ओट्यावर बसून होते. "जन्मभर लपून रंगवले," एवढंच म्हणाले, "न् आता उघड रंगवाचा तं माठ मेला."

आता पुढचं नव्या लोकांना खरं वाटणार नाही. निळीचा माठ बिघडला की त्याच्यावर खोटं सोडायचं, अशी रंगाऱ्यांची रीत होती. म्हणजे एखादी अचाट बातमी गावात उठवायची. लोकांनी ती जितकी खरी मानली तितका माठ लवकर सुधारतो. नियम कडक. खोटं असं हवं की कोणाचा जीव जाऊ नये, अब्रू जाऊ नये. सांगणाऱ्यानं हसायचं नाही. रंगाऱ्यानं ते काय आहे हे विचारायचं नाही. आणि माठ जिवंत आहे तोवर सोडणाऱ्यानं ते आपलं खोटं होतं असं कबूल करायचं नाही, नाहीतर तो पुन्हा बिघडतो. मागे एकदा मामाजींनी, लोणारच्या तळ्याचं खारं पाणी गोड झालं, असं सोडलं होतं, तेव्हा लोक घागरी घेऊन गेले होते. तेव्हापासून त्यांच्या तोंडचं कोणी काही खरं मानत नसे. म्हणून त्या संध्याकाळी दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"ही वाचते," आत्याबाई म्हणाल्या. "हिचं लोकं खरं मानतीन."

"आत्याबाई, मला नाही जमायचं. पाप लागतं. अधिकमास आहे, अधिकात दुप्पट लागतं." त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, पोळा महिनाभर पुढे गेलेला.

"मंग फळन बी दुप्पट," मामाजी म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या मिशीत हसू दिसलं. ते हसू पाहूनच मी हो म्हटलं असेन. त्या घरात मला कधी कोणी टाकून बोललं नव्हतं. तिसरी शिकलेली, मोगलाईतली, भित्री पोर, पण आल्यागेल्याला मामाजी सांगायचे, "आमची सून पेपर वाचते."

दुसऱ्या दिवशी गोदामावशी टोपली घेऊन आमच्या ओट्यावर टेकली. तिला गावात 'चिखलीचं डाकघर' म्हणत. तिच्या कानावर घातलेलं दुपारपर्यंत तीन खेड्यांत पोचायचं. तिनं नाक वर करून एकदा वास घेतला आणि मग माझा हात हातात घेऊन बांगड्या चढवायला लागली.

"काऊन व सुनबाई, हात मांगं ओढून राह्यली? काच फुटन ना माही."

"मावशी, पेपरात आलंय."

"काय आलं?"

खरं सांगते, तोवर मला काहीच सुचलं नव्हतं. समोर रस्त्यावरून एक बैलगाडी कुरकुरत चालली होती. तिच्याकडे बघत मी बोलत गेले. "झेंड्यावर चाक येणार आहे ना, ते कोणाचं ते ठरायचंय. प्रत्येक तालुक्यातून एका गाडीचं चाक निवडून दिल्लीला न्यायचंय. ज्याचं चाक सुबक, चांगलं रंगवलेलं, त्याचं. चौदा तारखेला दिवस मावळायच्या आत गाड्या कचेरीपुढे आणायच्यात."

गोदामावशीचा हात थांबला. "पेपरात हाय हे?"

"हो."

"वाच बरं."

मी आतून पेपर आणला, बोट ठेवलं आणि वाचलं. बोटाखाली कापसाचा भाव होता की काय होतं कोण जाणे. नेहमी खरं वाचताना अडखळायची तशीच अडखळले, उलट जास्तच, आणि म्हणूनच ते खरं वाटलं असणार. शाळेत शिकलेल्या त्या तीन इयत्तांचा मी गावासाठी पहिल्यांदा उपयोग केला तो असा. मावशीनं टोपली डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "बाई बाई बाई! चाकाचं नशीब पाह्य!" आणि गेली.

तीन दिवस मी नीट जेवले नाही. चौथ्या दिवशी सकाळी मामाजी माठाशी बसले होते, आणि दारात एक धिप्पाड शेतकरी उभा.

"रंगारी काका, निळा रंग हाय का?"

"कायले?"

"चाक रंगवाचं ना गा. माहं चाक दिल्लीले जाऊन राह्यलं."

मामाजींचा हात तिथेच राहिला. त्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला. नियम नियम म्हणून त्यांनी मला काही विचारलं नाही, पण त्यांचे खांदे हलत होते. "तुह्यंच जाईन कायवरून?" ते शेतकऱ्याला म्हणाले.

"मंग काय तुह्यं जाईन? तुह्याजवळ गाडी तरी हाय का?"

तो गेला, दुसरा आला. दुसऱ्यामागून तिसरा, त्याला हिरवा हवा होता. पोळ्यासाठी जपून ठेवलेला गेरू, बेगड, शिंगांचा रंग, सगळं लोकांनी चाकांना लावायला काढलं होतं. मामाजींनी आत येऊन गोणपाट उचललं. तांब्याची साय! आणि मधोमध मुठीएवढं निळं फूल. "लागलं," ते म्हणाले. "खोटं लागलं!" आत्याबाईंनी माठाला हळद-कुंकू वाहिलं आणि माझी दृष्ट काढली. आज मला वाटतं, गूळ आणि शेणाची धग यांनीच तो सुधारला असेल. नातू तेच म्हणतो, तो रसायनशास्त्र शिकलाय. पण मग नातवाला मी विचारते, गूळ तर आधीही घातला होता, तेव्हा का नाही लागला? त्यावर तो मोबाईलमध्ये बघायला लागतो.

दोन दिवस आम्ही श्वास घेतला नाही. हिरव्यासाठी खादी निळीत तीनदा बुडवली, मग हळदीत. पळसाच्या वाळल्या फुलांचा काढा उतू जाऊन चूल केशरी झाली. चाकासाठी निळं कापड कापून पट्ट्या करायच्या आणि पांढऱ्यावर दोन्ही बाजूंनी शिवायच्या असं ठरलं. पण गोलाचे चोवीस सारखे भाग करायचे कसे? मास्तर कंपास आणायला धावले. ते येईपर्यंत आत्याबाईंनी कागदाचा गोल घेतला, घडीच्या पोळीसारखा मुडपला, अर्धा, पाव, त्याचा अर्धा, आणि शेवटी पदराला पाडतात तशा तीन निऱ्या. उलगडला तर चोवीस. "याले कंपास कायले लागते?" त्या म्हणाल्या. चरख्याचं दुःख त्या तेवढ्यापुरतं विसरल्या होत्या.

चौदा तारखेला दुपारपासून गाड्या यायला लागल्या. मला दोन-चार येतील असं वाटलं होतं. ओट्यावर उभं राहून पाहिलं तर कचेरीपासून आमच्या गल्लीपर्यंत रांग, आणि मागून येतच होत्या. चिखलानं बैल पोटापर्यंत माखलेले, पण चाकं पाहावीत! लाल आरे, निळ्या लोखंडी धावा, एकानं आऱ्या-आऱ्यांत झेंडूची फुलं खोवलेली. एक म्हातारा थेट साखरखेर्ड्याहून आलेला. त्याचा तालुकाही हा नाही, पण म्हणे, "चाक पाहा तं खरी, मंग तालुका इचारा." गाडीवाले एकमेकांच्या चाकांना नावं ठेवत होते, हसत होते, भाकरी सोडून बसले होते. मी हळूच उंबऱ्याच्या आत सरकले. त्या दिवसांत देशात दुसरीकडे काय चाललं होतं ते मीच पेपरातून वाचून दाखवत होते. अफवेवरून घरं जळत होती, माणसं मरत होती. अफवा उठवील त्याला आत टाका, असा सक्त हुकूम होता. दवंडीही पिटली होती. मी मात्र माठाच्या नादात तो हुकूम माझ्यासाठी आहे हे विसरून गेले होते.

शेवटच्या चार पट्ट्या शिवायच्या राहिल्या होत्या तेव्हा नायब तहसीलदारसाहेब आमच्या दारात आले. बरोबर हवालदार आणि धापा टाकणारे मास्तर. साहेबांचा चेहरा घामानं निथळत होता. उद्या सकाळचा समारंभ आणि कचेरीपुढे मुंगी शिरायला जागा नाही.

"दिल्लीला चाक पाठवायचा हुकूम कोणी काढला?" ते गरजले. "प्रत्येक गाडीवाला म्हणतो, रंगाऱ्याकडून कळलं. पेपरात आहे म्हणे! कुठला पेपर? आणि असल्या घरातून मी उद्याचा झेंडा घेऊ? मास्तर, दुसरा झेंडा बघा. आणि हवालदार, ज्यानं हे उठवलं त्याला आज रात्री कोठडीत टाका."

मामाजी उभे राहिले. ते स्वतःवर घेणार हे मला दिसलं. हवालदाराची टोपी माझ्यापासून दोन हातांवर होती. मांडीवर झेंडा, हातात सुई, त्या पांढऱ्यावर माझ्या बोटातून रक्ताचा थेंब पडू नये म्हणून मी बोट तोंडात घातलेलं. मनात म्हटलं, आता बोलायचंच. बोट काढलं, तोंड उघडलं.

"म्या सांगतलं, सायेब!"

गोदामावशी. गर्दीतून कोपरं मारत, टोपलीसकट.

"तू? तुला कोणी सांगितलं?"

"मले कोन सांगन? माहंच डोकं. तीस वर्सं झाले, मले रोज एक खोटं लागते, नाई तं भाकर पचत नाई. इचारा गावाले."

"पेपरात आहे असं कोण म्हणालं?"

"म्याच. मले वाचता येत नाई, म्हनून तं काई बी वाचता येते."

हवालदार हसला, आणि साहेबांनी पाहिल्यावर खोकला. मी उठायला लागले तर मावशीनं टोपली ठेवायचं निमित्त करून माझ्या खांद्यावर असा हात दाबला की मी पुन्हा बसले. कानाशी म्हणाली, "मुकाट्यानं शिव. माहं तोंड आधीच बदनाम हाय. तुह्यं नवं हाय, वापरू दे त्याले."

मास्तरांनी मग साहेबांना बाजूला घेतलं. मास्तरांना काय कळलं होतं, काय नाही, देव जाणे. माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. ते म्हणाले, "साहेब, उद्या झेंडा वर जाताना पाहायला खेड्यातून कोण येणार, ही आपल्याला काळजी होती ना? हे तर आलेत." साहेबांनी रुमालानं घाम पुसला. शेवटी शिक्षा ठरली. कोठडी नाही, पण गोदीनं प्रत्येक गाडीपाशी जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी खोटं बोलले, चाक दिल्लीला जाणार नाही.

आणि ती गेली. दिवस कलला होता. मी ओट्यावरून पाहत होते. एकेका गाडीपाशी टोपली घेऊन उभी राहायची, हात जोडायची, सांगायची. कोणी शिवी दिली, कोणी हसलं, कोणी म्हणालं, "तरी म्या म्हनलं, दिल्लीवाल्यायले आपलं चाक कायले पाह्यजे." ती पुढच्या गाडीकडे. साखरखेर्ड्याच्या म्हाताऱ्यापाशी आली तेव्हा त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाई, माहे बैल दोन दिवस चालले. त्यायले कोन सांगन का हे खोटं होतं? आता आले तं झेंडा पाहू दे त्यायले." त्याचं ऐकून बाकीचेही थांबले. एकही गाडी परत गेली नाही. गल्लीतल्या बायकांनी पिठलं-भाकरी केली, मीही थापल्या. झेंडा शिवून झाला होता.

सकाळी ऊन पडलं. कचेरीपुढच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या लावल्या होत्या, आणि झेंडा घेऊन मास्तर आणि मामाजी त्या रंगीत चाकांमधून चालत गेले. त्या दिवशी खांबावर ना इंग्रजाचा झेंडा होता, ना तो पिवळा. माझ्या माहेरी अजून वर्षभर तिरंगी चिंधी बाळगली तरी शिपाई धरून नेत होते, माझा भाऊ तिकडेच होता, आणि इथे मी बिनदिक्कत मान वर करून बघत होते. दोरी ओढली, घडी उलगडली, आणि वाऱ्यावर आमच्या माठाची नीळ उघडली. मामाजींनी आपले निळे हात जोडले होते. मग साखरखेर्ड्याचा म्हातारा कपाळावर हात धरून मोजायला लागला.

"चोवीस आरे हायत," तो म्हणाला. "चोवीस आऱ्यायचं चाक कोन बनवते? मधला तुंबा फुटन ना त्याचा. आपल्या चाकाले बारा."

मग त्यानंच आपल्या गाडीकडे पाहिलं, या चाकाकडे, मग वाकून पलीकडच्या चाकाकडे. "हाव," तो म्हणाला. "दोन्ही मिळून चोवीस. पुरी गाडी हाय ती." ते वाक्य रांगेतून मागे मागे गेलं. माझं खोटं गेलं होतं त्याहून जोरात गेलं. मास्तर पुढे कितीतरी वर्षं शाळेत झेंड्याचा अर्थ सांगताना अशोकाच्या खांबानंतर हेही सांगायचे.

चार दिवसांनी मावशी ओट्यावर आली तेव्हा मी तिचे पाय धरले. "मावशी, तुम्हाला माहीत होतं?"

"माठ सडला का गल्लीभर वास येते व. मले का नाक नाई?"

"मग तुम्ही गावोगाव का सांगितलं?"

"माठ मरू द्याचा होता का? न् पोरी, काय सोडलं तू! माह्या जन्मात असं सोनं कोनी टोपलीत टाकलं नोतं."

मी सगळ्यांना खरं सांगते म्हटलं, तर तिनं डोळे वटारले. माठ जिवंत आहे तोवर नाही. रंगाऱ्याची सून असून नियम माहीत नाही? "माठ फुटला का मंग सांग," म्हणाली. "तोवर राहू दे माह्या नावावर."

राहिलं, आणि तिचंच होऊन बसलं. चिखलीत तिचं नाव 'चाकवाली गोदी' पडलं. तिनं पुढे खरी बातमी आणली तरी लोक हसायचे. तिला नातू झाला तेव्हा तर तीन दिवस कोणी खरं मानलं नाही, पेढे खाऊनही. ती स्वतःच हे हसत हसत सांगायची, पण एकदा मी तिला टोपली घेऊन नुसती बसलेली पाहिली होती, दोन दारं फिरून एकाही बाईनं "काय खबर?" विचारलं नव्हतं म्हणून. माठ पुढे काही वर्षं चालला. पुडीचे रंग आले, मामाजी गेले, आणि एका उन्हाळ्यात माठाला तडा जाऊन सगळी नीळ जमिनीत मुरली. तेव्हा मी सांगायला हवं होतं. पण ह्यांची नोकरी लागली होती, आम्ही बिऱ्हाड बांधून इकडे निघालो होतो. मावशी निरोप द्यायला गल्लीच्या तोंडापर्यंत आली. मी म्हटलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेला ती नव्हती.

गेल्या वर्षी चिखलीहून कोणी लग्नाला आलं होतं. त्यांच्याकडून कळलं, मावशीचा नातू अजून तिथेच बांगड्यांचं दुकान चालवतो, आणि गावात त्याला 'चाकवाल्या' म्हणतात. का म्हणतात ते आता कोणालाच नीट ठाऊक नाही, एवढंच की त्याची आजी लबाड होती. ते ऐकल्यापासून मला झोप लागत नाही.

मावशी, नुसतं लिहून भागत नाही, हे मला कळतं. तुझ्या गल्लीत माझं हे लिहिलेलं कोण वाचणार? येत्या पंधरा ऑगस्टला मी चिखलीला येते. मुलाला सांगितलंय, तिकीट काढ. डॉक्टर गुडघ्यांचं काही म्हणाले तरी येणार. झेंडा वर गेला की तुझ्या नातवाला हाताला धरून उभी राहीन, आणि तू जशी त्या संध्याकाळी गेलीस तशी एकेका दारापाशी जाऊन सांगेन, ते खोटं ह्याच्या आजीचं नव्हतं, माझं होतं. हसतील. म्हातारी चळली म्हणतील. म्हणू देत. माझं तोंड आता नवं राहिलेलं नाही, आणि माठ केव्हाच फुटलाय.